धुराडं कोण साफ करणार?

हल्ली महाराष्ट्रातल्या कुठल्याही हमरस्त्याने निघा, थोड्या थोड्या अंतरावर एक पाटी दिसतेच. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ. चुलीवरचा चहासुद्धा! हे लोण आता आमच्या गोव्यातही पोचलंय. शहरातून गाडी काढून माणसं पन्नास-पन्नास किलोमीटर जातात, बाजेवर बसून भाकरी मोडतात आणि 'आजीच्या हातची चव' म्हणून डोळे मिटतात. डोळे मिटणं सोपं असतं, कारण धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जात असतो.

माझा चुलीवर राग नाही. उलट चुलीशिवाय मराठी भाषेचं पान हलत नाही. घरोघरी मातीच्या चुली असतात, भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या होतात, लग्नाचं आमंत्रण मनापासून असेल तर ते चूलबंद असतं आणि एखाद्या घरावर संकट कोसळलं की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही. पण या सगळ्या म्हणींत एक गोष्ट कुठेच नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईचा खोकला नाही.

लाकडावरचा स्वयंपाक चांगला की वाईट, असा वाद अधूनमधून रंगतो. मला तो वाद फोल वाटतो. विचारायला हवेत ते प्रश्न वेगळेच. चूल कुणी बांधली, ती कोण पेटवतं, आणि तिचं धुराडं कोण साफ करतं? या तीन प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे असली तर चूल टिकते. तीन वेगवेगळ्या माणसांकडे असली तर ती वर्षभरात मोडते. हे मी कल्पनेने म्हणत नाही. आपल्या देशात याचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा पुरावा आहे, आणि त्याचं एक टोक हैदराबादेत आहे.

हैदराबादला गेलं की बेगम बाजारात चक्कर ठरलेली. मुशी नदीच्या उत्तरेचा हा घाऊक बाजार. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून नाव बेगम बाजार. जवळच जांबागेत १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी ही मराठी शाळा, तेव्हा या भागाला मराठी कानांची सवय जुनी आहे. इथल्या भांडेगल्लीत शिरलं की तांब्याच्या देगी, पितळेची पातेली, हात-दीड हात लांबीचे झारे, लोखंडी कढया यांच्या उतरंडी छतापर्यंत गेलेल्या दिसतात. शे-दोनशे माणसांचं जेवण रांधायला लागणारं सगळं इथे मिळतं. एक गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. ती म्हणजे हलीमची भट्टी. ती जागेवरच बांधावी लागते.

रमजान जवळ आला की शहरभर हॉटेलांच्या दारात विटा आणि चिखल येऊन पडतो. दोन-चार दिवसांत भट्ट्या उभ्या राहतात. देग गळ्यापर्यंत त्या बांधकामात बसवतात, खाली एका बाजूला लाकूड सारायला तोंड ठेवतात. भिंती जाडजूड, कारण आग भडकवायची नसते, ऊब धरून ठेवायची असते. गहू, मांस, डाळी, मसाला, तूप आणि सुमारे बारा तास मंद आंच. लांब दांड्याच्या लाकडी घोटण्या घेऊन माणसं ते घोटत राहतात. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाच्या पदार्थाला असा मान मिळण्याची भारतातली ती पहिलीच वेळ. ईद झाली की दारातल्या बऱ्याचशा भट्ट्या पाडून टाकतात आणि पुढच्या वर्षी नव्या बांधतात.

आता यातली गंमत बघा. हलीमची भट्टी धुरकट असते, लाकूड भरपूर खाते, तरी ती नीट चालते. का? कारण बांधणाऱ्याला देगीचं माप ठाऊक असतं. भट्टी देगीसाठी बांधलेली असते, देग भट्टीसाठी शोधत बसावी लागत नाही. पेटवणारा माणूस त्याच कामाचा पगार घेतो. भेग पडली तर त्याच दिवशी लिंपली जाते, कारण संध्याकाळी दारात रांग लागणार असते. तांब्याची कल्हई उडाली तर देग कल्हईवाल्याकडे जाते. नवसागर टाकून, कथील वितळवून आतून पुन्हा चकचकीत होऊन येते. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामी देग आगीवर ठेवायची नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. मालकाचे पैसे त्यात अडकलेले असतात. थोडक्यात, बांधणं, वापरणं आणि निगा राखणं या तिन्ही गोष्टी एका छपराखाली असतात. (घोटणाऱ्याच्या फुफ्फुसांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याकडे पुढे येतो.)

घरातली चूल ही वेगळी जात. तिथे बारा तास आंच नको असते. सकाळी चहा, मग भाकऱ्या, मग आमटी. आणि इथेच सुधारणा करायला निघालेले भलेभले फसले. जाड मातीची चूल म्हणजे काटकसर, असं पुष्कळ दिवस मानलं जायचं. पण जाड माती आधी स्वतः तापते आणि मग भांड्याला उष्णता देते. पहाटे दोन कप चहा करायचा तर अर्धं लाकूड चूल तापवण्यातच जातं. १९८०च्या दशकात प्रयोगशाळांतून नीट मोजमापं झाली तेव्हा दिसलं की सवयीच्या हाताने पेटवलेली साधी तीन दगडांची चूल कित्येक 'सुधारित' चुलींच्या तोडीस तोड लाकूड खाते. म्हणजे आजी अडाणी नव्हती. तिला धूर टाळता येत नव्हता, एवढंच.

धूर टाळायचा तर धुराडं हवं. त्याचं तत्त्व साधं आहे. गरम हवा हलकी, ती वर जाते आणि जाताना खालून थंड हवा ओढून घेते. धुराडं जितकं उंच आणि जितकं गरम, तितकी ओढ जास्त. ओढ कमी पडली तर धूर पाय फुटल्यासारखा स्वयंपाकघरात येतो. ओढ फार झाली तर उष्णता भांड्याला न लागता आकाशात जाते, म्हणून मध्ये कमी-जास्त करायची झडप ठेवायची. चुलीवरची भोकं भांड्यांच्या मापाची हवीत, नाहीतर कडेने धूर निसटणारच. लाकूड खाली मातीवर न ठेवता जाळीवर ठेवलं तर खालून हवा मिळते आणि ते पुरतं जळतं. धुराड्याचं तोंड छपराच्या माथ्यापेक्षा वर हवं, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा येतो. त्यावर पावसाची टोपी हवी. आणि छपर गवताचं किंवा झावळ्यांचं असेल तर धुराडं जिथून जातं तिथे मोकळी जागा आणि पत्रा हवाच, नाहीतर चुलीबरोबर घरही पेटेल.

वापरणं म्हणजे मुख्यतः लाकूड वाळवणं. ओल्या, नुकत्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पेटवलं की आधी त्यातलं पाणी उकळतं, मग धूर होतो, आणि स्वयंपाक शेवटी होतो. आमच्या गोव्यात पावसाळ्याआधी पुरुमेंत भरताना सुक्या मासळीबरोबर आणि मिठाबरोबर लाकडाची रासही छपराखाली जायची. ती हौस नव्हती. जूनमध्ये ओलं लाकूड पेटवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या डोळ्यांनी सोसलंय त्यांचं ते शहाणपण होतं.

आणि निगा? इथेच घोडं पेंड खातं. धुराड्यात काजळी साचते, ओल्या लाकडाने तर डांबरासारखा चिकट थर बसतो. दर काही आठवड्यांनी दोरीला चिंधी आणि दगड बांधून तो वरून खाली ओढावा लागतो. आतल्या वाटांतली राख काढावी लागते. मातीला भेग पडली की लिंपावी लागते, कारण भेगेतून हवा शिरली की ओढ मेली. ही कामं अवघड नाहीत, पण ती कुणाची, हे ठरलेलं नसेल तर होत नाहीत. घरातले पुरुष छपरावर चढत नाहीत आणि बाईला कुणी चढू देत नाही. मग धुराडं तुंबतं, धूर परततो, आणि एक दिवस चुलीचं तोंड फोडून मोठं केलं जातं. सुधारित चूल पुन्हा साधी चूल होते, फक्त भिंतीला एक निरुपयोगी नळी उरते.

हा इतिहास आपल्या मराठी मुलखाशी चांगलाच जोडलेला आहे. वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने धुराड्याची 'मगन चूल' तयार केली, साल १९४७. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी काटकोनात वळलेली मातीची चूल रचली. एका टोकाला आग, पुढे ओळीने भांडी, शेवटी धुराडं. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'हर्ल चूल' म्हणत. १९५३ साली राजूंनी 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका काढली. लाखो स्वयंपाकघरांतून धूर घालवायचा, हे तिचं स्वप्न नावातच आहे. लक्षात घ्या, १९५३ साली औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. ते मुंबई राज्यात आले १९५६च्या नोव्हेंबरात. म्हणजे राजू ज्या राज्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते, त्या राज्याच्या चुलींत मराठवाड्याच्याही चुली होत्या. मराठी वाचकांत हे नाव किती जणांना ठाऊक असेल?

पुढे केंद्र सरकारने १९८०च्या दशकाच्या मध्यावर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो गुंडाळला, तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. आकडा भव्य आहे. पण गावात गेल्यावर त्या चुली शोधाव्या लागत. बसवणाऱ्याला प्रत्येक चुलीमागे पैसे मिळत, ती दोन वर्षांनी पेटते की नाही याबद्दल त्याला कुणी विचारत नव्हतं. उद्दिष्ट बसवण्याचं होतं, पेटण्याचं नव्हतं.

याच काळात हरियाणात चंदीगडजवळच्या नाडा गावी मधू सरीन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी गावातल्या बायकांनाच चूल बांधायला शिकवलं. कुणाचं भांडं केवढं, कोण उभ्याने रांधतं, कोण बसून, कुणाकडे लाकूड, कुणाकडे काटक्या, हे बघून चूल बदलायची. बांधणारी गावातलीच, म्हणून भेग पडली तर हाक मारायला माणूस शेजारच्या गल्लीत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनेही चुली फुकट वाटण्यापेक्षा त्या बनवणारे आणि विकणारे कारागीर गावोगाव तयार करण्यावर भर दिला. फुकट आलेल्या वस्तूची तक्रार कुणाकडे करणार? विकत घेतलेल्या वस्तूची करता येते.

यावर शिक्कामोर्तब केलं ओडिशातल्या एका अभ्यासाने. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ४४ गावांतल्या सुमारे २६०० कुटुंबांचा चार वर्षं मागोवा घेतला. धुराड्याच्या मातीच्या चुली बसवल्या. पहिल्या वर्षी रांधणाऱ्या बाईच्या पोटात जाणारा धूर कमी झाला. मग हळूहळू वापर घटला, दुरुस्ती झाली नाही, आणि पुढच्या वर्षांत फरक उरला नाही. ना तब्येतीत, ना सरपणात. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी चूल घरात हरली. २०१६ साली हा निबंध छापून आला तेव्हा पुष्कळांनी त्याचा अर्थ 'चुली निकामी' असा लावला. मला तो अर्थ पटत नाही. माझ्या मते चूल हरली नाही, निगा हरली. निगेसाठी पैसा आणि माणूस ठेवलेलाच नसेल तर जिंकणार कोण?

बरं, गॅस आला म्हणून हा प्रश्न मिटला का? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आतापर्यंत दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे फार मोठं काम आहे, त्याला नाकं मुरडणारा मी नव्हे. पण या घरांतून वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर भरून घेतले जातात. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या बेताच्या कुटुंबाला त्याच्या दुप्पट तरी लागतात. उरलेलं कशावर शिजतं? चुलीवर. गॅस चहाला आणि पाहुण्यांना, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीला. घरातल्या धुराने जगभरात दरवर्षी सुमारे तीस लाख माणसं अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दमा, फुफ्फुसाचे जुनाट विकार, हृदयविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू. तेव्हा चुलीचा विषय इतिहासजमा झाला, असं फक्त ज्याच्या घरी ती नाही त्यालाच वाटतं.

कुणी म्हणेल, धुराचे फायदेही होते. होतेच. आमच्या जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर खोबरं, सोलं, सुकी मासळी धुराच्या उबेवर टिकायची. वाशांना कीड लागत नसे. धुराडं बसवलं की हे सगळं थांबतं, आणि घरातली बाई कुरकुरते ती उगाच नव्हे. पण वाशांना लागणारा धूर आणि पोराच्या छातीत जाणारा धूर एकच असतो. वाशांसाठी दुसरे उपाय आहेत.

आता कंसात ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. हलीमच्या भट्टीपुढे घोटणारा, आमच्या गोव्यातला पोदेर, मुंबईच्या बेकरीतला कारागीर, यांचं काय? जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. लगेच 'पाव मेला' असा गळा काढला गेला. आमच्याकडेही पोदेराचा फोर्न हा अस्मितेचा विषय आहे. जुन्या फोर्नात आग आतच पेटवतात, भिंती तापल्या की निखारे ओढून काढतात, आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. म्हणजे भाजताना धूर जवळजवळ नसतो, तो असतो पेटवताना. मग पेटवण्याच्या त्या वेळेपुरतं नीट धुराडं, कोरडं लाकूड आणि माणसाला बाहेर उभं राहायला जागा, एवढं केलं तर पावाला काय धोका आहे? पण त्यासाठी खर्च करायला हवा, आणि तो पोदेराने एकट्याने सोसावा असं म्हणणं अन्यायाचं आहे. चव आपल्या सगळ्यांची, तर धुराड्याची वर्गणीही सगळ्यांची.

माझं म्हणणं असं. जिथे लाकडाच्या आंचेला खरंच दुसरा पर्याय नाही, हलीम असो, पोई असो, तिथे ती जरूर राहावी, पण धुराड्यासकट. त्या कामगाराच्या छातीची तपासणी ही त्या मानांकनाइतकीच महत्त्वाची मानली जावी. जिथे केवळ पाटीवर लिहायला चूल पेटवली जाते, त्या ढाबेवाल्याला गिऱ्हाईकाने एकदा तरी विचारावं, 'भाकऱ्या थापणारी बाई दिवसाला किती तास धुरात बसते?' आणि जिथे गरिबीमुळे चूल आहे, तिथे गॅसचा भाव परवडेल असा हवा. तोवर गावागणिक एक चूल दुरुस्त करणारी बाई हवी, पंचायतीच्या पगारावर. पाणीपुरवठ्याला माणूस असतो, दिवाबत्तीला असतो. धुराड्याला का नको?

सरकार पुन्हा कधी चुली वाटायला निघालं, आणि ते निघेलच, तर उद्घाटनाच्या फोटोत कोण उभं आहे ते बघू नका. सहा महिन्यांनी त्या घरी जा आणि धुराड्यात हात घालून बघा. हात काळा होऊनही चूल पेटत असेल तर समजा, कुणीतरी अधूनमधून ते साफ करतंय. हात स्वच्छ निघाला, तर ती चूल कधी पेटलीच नाही.